दाजी मास्तरांनी भावाला मोजलं

दाजी मास्तरांना चूक खपत नसे. म्हणजे दुसऱ्याची. लग्नपत्रिकेत एखादा अनुस्वार उडालेला दिसला, तर आहेर देण्याआधी ते यजमानाला बाजूला घेऊन तो दाखवत. देवळातल्या फलकावर कुणाचं नाव चुकलं, तर सदऱ्याच्या खिशातून स्वतःचा खडू काढत. आचऱ्याजवळच्या त्यांच्या वाडीत अशा माणसाला टाळायची सोय नव्हती, कारण शाळा एकच आणि मास्तरही एकच.

त्यामुळे एक्याऐंशीची शिरगणती आली आणि मोजणीला दाजी मास्तरांचीच नेमणूक झाली, तेव्हा आता आपली धडगत नाही हे वाडीने ओळखलं. मालवणला मोजणीचं प्रशिक्षण घेऊन मास्तर परतले ते दोन नियम घोकतच. माणूस नेहमी जिथे राहतो तिथेच त्याला मोजायचा, हा पहिला. दुसरा असा की एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. एका छपराखाली दोन चुली असतील तर कुटुंबंही दोन.

हा दुसरा नियम सांगताना तिथले साहेब सगळ्या वर्गाकडे बघत होते, पण मास्तरांना वाटलं, आपल्याकडेच बघतायत. कारण दोन चुली त्यांच्याच घरात होत्या. एका बाजूला मास्तर आणि त्यांची बायको नर्मदा, दुसऱ्या बाजूला धाकटा भाऊ बाबू आणि त्याची बायको जानकी, मधे कुडाची भिंत. सात वर्षांपूर्वी बाबू मुंबईची नोकरी सोडून अचानक घरी आला. ती नोकरी मास्तरांनी चार ठिकाणी शब्द टाकून मिळवून दिलेली. भाऊ पानावर बसतो न बसतो तोच मास्तर म्हणाले, "मुंबयत जेणा दिवे लावूक नाय, तो हयसर काय उजेड पाडतलो!" बाबू भरल्या पानावरून उठला. दुसऱ्या दिवशी जानकीने वेगळी चूल मांडली.

तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. नर्मदा आणि जानकी मात्र परसातून कालवणाच्या वाट्या बिनबोभाट इकडच्या तिकडे करत. आपल्या पानात कुणाची आमटी पडते हे मास्तरांना कळत नाही, असा दोघींचा समज होता. आमटी चांगली असल्यामुळे मास्तरांनी तो समज मोडला नाही.

फेब्रुवारीत मोजणी सुरू झाली. सरकारी कामावर निघाले की मास्तर भाषासुद्धा इस्त्रीची वापरत. पहिलंच घर शेजारच्या काशीबाईंचं. त्यांनी मास्तरांना लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं.

"आपल्या कुटुंबात किती माणसं राहतात?" मास्तरांनी विचारलं.

"सा."

"मला तर आपण आणि सूनबाई अशा दोघीच दिसता."

"चार झील मुंबयत आसत मां! लिव त्येंका."

"त्या मुलांची गणती मुंबईत होईल."

"थंय मोजून काय उपेग रे? थंय त्येंका वळखता कोण?"

याचं उत्तर मालवणच्या प्रशिक्षणात नव्हतं. मास्तरांनी दोन लिहिले, आणि काशीबाईंनी त्यांना चहा विचारला नाही.

पुढच्या घरांतही तेच. म्हातारी, सून, पोरं. तरणा पुरुष कुणी आहे का, असं विचारलं की सुगंधा म्हणे, "नाय, पण बाबू आसा." राधाबाई म्हणे, "बाबू आसा मां, मगे कित्याक व्हयो दुसरो?" कुणाच्या विहिरीत पोहरा पडला, बाबू. कुणाचं छप्पर शाकारायचं, बाबू. सुगंधाच्या सुनेला अडलेल्या वेळी आचऱ्याच्या दवाखान्यात कुणी पोचवलं, तर बाबूने. बाबूची गणती बाबूच्या घरी होईल, हे दारोदार सांगून मास्तरांच्या तोंडाला फेस आला.

घरी येऊन त्यांनी सगळ्या बेरजा मांडल्या. बायका भरपूर, पोरं भरपूर, म्हातारेही बऱ्यापैकी. कामाचे पुरुष मात्र शोधावे लागत होते, आणि जो धडधाकट सापडत होता तो एकच. मास्तरांना बेरीज चुकल्यासारखी वाटली. पुन्हा केली, तीच आली. मग त्यांच्या ध्यानात आलं, की हे गेलेले सगळे आपलेच विद्यार्थी. सातवी झाला की मुलाला मुंबईची वाट दाखवायची आणि 'माझी पोरां चिकाटली हो थंय!' म्हणून देवळात मिरवायचं, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं होतं. मोजणी करताना पहिल्यांदाच त्यांना स्वतःची चूक सापडली, आणि फार वाईट वाटलं.

आता एकच दार राहिलं होतं. ते मास्तरांनी शेवटच्या दिवसापर्यंत टाळलं. शेवटी सदरा घालून, टोपी चढवून ते आपल्या दारातून बाहेर पडले, अंगणाला वळसा घालून त्याच घराच्या दुसऱ्या दाराशी आले आणि परक्यासारखे खाकरले. बाबू पडवीत माडाची झापं विणत बसला होता. चुलीचा प्रश्न खरं तर पहिला, पण मास्तरांनी तो मागे ठेवला. नियम मोडण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

"आपलं पूर्ण नाव?"

"माझा म्हायत नसात तर तुझा लिव. बापाशीचा तरी चुकाचा नाय."

"जन्मस्थान?"

"कुडापलीकडची खोली. तू जल्मलंस थंयच."

"यापूर्वी राहण्याचं ठिकाण?"

"मुंबय."

पुढचा प्रश्न छापलेला होता, तो वाचायचाच होता. "इथे येण्याचं कारण? नोकरी, शिक्षण, लग्न, कुटुंबाबरोबर, की इतर?"

वाचून झालं आणि मास्तर चपापले. सात वर्षांत हे त्यांनी भावाला कधी विचारलंच नव्हतं.

बाबूचा हात थांबला. "मी इलंय त्या वर्षी तू पोटात कळ येवन आडवो पडलेलंस, आठवता?"

"आठवतं. मला शुद्ध नव्हती, लोकांनी खुर्चीत घालून आचऱ्याला नेलं."

"लोक म्हणजे कोण, ता कधी इचारलंस?"

मास्तरांनी कागदावरून मान वर केली.

"वैनी, जानकी, काशीकाकी आणि तिची सून. खुर्चेक बांबू बांधून चौघींनी तुका थंयवर न्हेल्यानी. वाडीत खांदो देवक एक बापयो नाय होतो. जानकीन माका मुंबयक कळवल्यान. म्हटलंय, ह्या वेळाक वाचलो, फुडच्या वेळाक काय? म्हणान इलंय."

मास्तरांनी टोपी काढली आणि पायरीवर बसले. ती हकिगत ते शाळेत दर वर्षी सांगत, चार दणकट गडी कसे धावत निघाले ते वर्णन करून. आपल्याला उचलणाऱ्या चौघींतली एक रोज आपल्याला वाढते, दुसरी कुडापलीकडून आमटी पाठवते, आणि दोघींनी मास्तरांचा मान राहावा म्हणून अवाक्षर काढलं नाही, हे कळल्यावर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मगे तेव्हाच सांगूक नाय तां?" सरकारी भाषा कधी गळून पडली, त्यांना कळलंही नाही.

"सांगूक पानार बसलेलंय. तू बोलाक खंय दिलंस?"

मास्तरांनी 'इतर' लिहिलं. आता फक्त चुलीचा प्रश्न उरला होता. तो त्यांच्याने विचारवेना. आतून जानकीनेच नवऱ्याला हाक मारून सांगितलं, "भावजींक इचारा, आजच्यो दोन चुली लिवतत की उद्याची येक?"

"आजच्यो," मास्तर म्हणाले. नियम तो नियम. त्यांनी कुटुंबं दोन लिहिली, खाली सही केली आणि कागद पिशवीत घातले. पण उठले नाहीत.

"बाबू."

"काय?"

"बरा केलंस, इलंस."

बाबूने मान वर केली नाही. झापाची एक पाती उगाच दोनदा ओढली आणि आत हाक दिली, "जानकी, दादाक पान वाढ गो. वैनीकय बोलय."