दिगंबररावांची पारख

कोथरूडच्या दिगंबररावांचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता. दुधाची पिशवी ते हातात तोलून बघत. एका डॉक्टरांनी दिलेलं औषध दुसऱ्यांना दाखवत, आणि दोघं एकच बोलले तर त्यांचं संगनमत आहे म्हणत. आयुष्यभर विमा कंपनीत दावे तपासले म्हणून नजर तयार झाली, असं ते सांगत. "काही नाही, मला बघायला आले तेव्हाही असेच होते," असं त्यांच्या पत्नी सुनीतीबाई सांगत.

सध्या पाळी होती सौरभची. धायरीचा सौरभ हा त्यांच्या मुलाचा, केयूरचा कॉलेजपासूनचा मित्र. दोघं मिळून कंपनी काढत होते. प्रोग्रॅम सगळा सौरभनं लिहिलेला, माणसं गाठायचं काम केयूरचं. सौरभ पहिल्यांदा घरी आला तेव्हा दिगंबररावांनी आडनाव विचारलं, त्यानं सांगितलं, आणि हे "असं असं" म्हणून पंख्याकडे बघत बसले. तेव्हापासून त्यांनी केयूरच्या मागे धोशाच लावला होता. "आधी आपली बाजू पक्की कर. गोड बोलणारेच केसाने गळा कापतात."

त्या सौरभनं एका रविवारी सगळ्यांना सिनेमाला नेलं. तिकिटं त्यानंच काढली. फुकट दाखवतोय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे दिगंबररावांनी ताडलं. सिनेमा होता कुठल्याशा परदेशी संगणकवाल्याच्या आयुष्यावर. माणूस महा खडूस. हाताखालच्यांवर खेकसायचा, आईचा फोन उचलायचा नाही. शेवटी ज्या मित्रानं यंत्र बनवलं त्यालाच, कागदावर तुझं नावच नाही म्हणत, त्यानं कंपनीतून हाकललं, आणि वर भाषण ठोकलं. थिएटरात टाळ्या पडल्या.

"याला काय डोंबलाचं थोर म्हणायचं!" दिगंबरराव बायकोला म्हणाले. त्यांना खरोखर संताप आला होता. मग पुढे वाकून त्यांनी सौरभचं तोंड न्याहाळलं. तो अगदी मन लावून बघत होता. शिकून घेतोय, यांची खात्रीच पटली.

सिनेमा सुटल्यावर सौरभ काका-काकूंसाठी रिक्षा बघायला गेला. दिगंबररावांनी केयूरला बाजूला ओढलं.

"बघितलंस? तुझा हा दोस्त उद्या तुला असाच बाहेर काढेल."

"नाही काढणार, बाबा." केयूर हसला. "कंपनी मागच्याच महिन्यात एकट्या माझ्या नावावर झाली. त्याला वाटतंय, रजिस्ट्रेशन अजून व्हायचंय. तुम्हीच सांगत होतात ना?"

सगळ्या जगाला पारखलं, पण घरातलं पोर आपल्याकडून काय उचलतंय ते बघायचं राहूनच गेलं. दिगंबररावांना लाज वाटली, आणि केयूरची थोडी भीतीही. सुनीतीबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या पोराकडे नाही, नवऱ्याकडे बघत होत्या.

तेवढ्यात सौरभ रिक्षा घेऊन आला. "काका, जपून चढा, पाठ सांभाळा," असं म्हणून त्यानं हात पुढे केला. "सिनेमातला तो मित्र किती बावळट ना? एकदा तरी विचारायचं! नशीब, आपला केयूर त्या खडूसासारखा नाही."

केयूरनं मोबाइल काढून त्यात डोकं घातलं. रिक्षावाला मीटर टाकून खोळंबला होता. दिगंबररावांनी चढवलेला पाय खाली घेतला.

"सौरभ," ते म्हणाले, "कंपनी कोणाच्या नावावर आहे, विचार त्याला. आत्ता. माझ्यासमोर."