स्टेशनावर मुलगा दाखवणारे अण्णा

नागनाथअण्णा लग्नाचा मुलगा त्याच्या खोलीवर कधीच दाखवत नसत. स्टेशनावर दाखवत. कंपनीतली आम्ही पोरं तेव्हा एकेका खोलीत सहा-सहा जण राहायचो. तिथे मुलीच्या बापाला नेणं म्हणजे लग्न मोडायची पक्की सोय.

अण्णा आमच्या शॉपमधले वयाने मोठे फिटर, लातूरकडचे. पिंपरी-चिंचवडमध्ये त्यांना पसंत पडलेली इमारत एकच, आमचं स्टेशन. महायुद्धानंतरच्या वर्षांत, देश आणि सिमेंट दोन्हीही नवे असताना बांधलेलं. लाटेसारखं वळलेलं छत, मोझॅकची गार बाकं आणि बायकांच्या वेटिंग रूमला आडोसा म्हणून सिमेंटची नक्षीदार जाळी. मुलगी जाळीपलीकडे, मुलगा अलीकडे. दोघं एकमेकांना बघत आणि कुणी बघितलं असं होत नसे.

"पोरगं कसं का असेना," अण्णा म्हणत, "पाठीमागं काय दिसायलंय, ते सोयरे बघायलेत."

माझे सासरे बीडकडून जीप करून आले. त्यांच्या तालुक्यात रेल्वे नव्हती. त्यांनी छत बघितलं, बाकावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "ही सगळी तुमची कंपनीच का?"

मी तोंड उघडलं आणि अण्णांनी माझ्या पायावर पाय ठेवला. "मागं अजून लई हाय, मामा."

तेवढ्यात लोकल आली. सासरे दचकले. अण्णा शांतपणे म्हणाले, "शिफ्ट सुटली." सुपारी तिथेच फुटली.

स्वतः अण्णांनी लग्न केलं नाही. विचारलं की म्हणत, "स्टेशनमास्तर कधी गाडीत बसतोय का?" रविवारी मात्र बाकावर येऊन बसायचे, घरच्या ओसरीवर बसावं तसे.

मग एक दिवस तिथे नव्या स्टेशनाचं चित्र लागलं. काच, सरकते जिने आणि दर्शनी भागाला किल्ल्यासारखे बुरूज. अण्णा मला घेऊन थेट रेल्वेच्या कचेरीत गेले. साहेब तरुण होता, नम्र होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला.

"काका, ही वारसा इमारत नाही. तेवढी जुनी नाही ती."

"मग पाडायलाव कशाला?"

"जुनी झाली म्हणून."

अण्णांनी चहाचा घोट घेतला. "आन् हे बुरूज?"

"वारसा दिसायला हवा ना, काका."

अण्णा बाहेर आले ते जिन्यावरच बसले. म्हणाले, "माझ्याच वयाची हाय रे ती. म्हातारी म्हणून काढायलेत, आन् मान द्यायला म्हणं अजून ल्हान हाय."

छत उतरलं त्या दिवशी ते दूर उभे होते. शेवटी ठेकेदाराकडे जाऊन त्यांनी जाळी मागितली. तो म्हणाला, "राडारोडाच आहे, न्या." टेम्पोत घालून जाळी चाकण रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटवर आली. बाल्कनीत बसवणार, तोच सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले. "अण्णा, इमारतीचं मूळ रूप बदलता येत नाही. नियम आहे."

अण्णांनी त्यांना मिठीच मारली. "कुठं होता राव तुम्ही? रेल्वेत पाहिजे होता."

जाळी मग आत, हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये उभी राहिली. मारुंजीत भाड्याने राहणारी आयटीतली पोरं तिच्यापुढे बसून मुलीकडच्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलू लागली. अण्णा बाजूने कुजबुजत, "भावा, जरा सरक. जाळी दिसू दे."

परवा अण्णांचा दहावा झाला. त्यांच्या पुतण्याने मला विचारलं, "काका, फ्लॅट विकायचाय. या सिमेंटच्या धुडाचं काय करू?"

मी जाळीकडे बघितलं. बायको स्वयंपाकघरात चहा करत होती. जाळीच्या भोकातून एक डोळा दिसला, थोड्या बांगड्या दिसल्या.

"घरी घेऊन चला," ती पलीकडून म्हणाली. "तुमच्या कंपनीचं तेवढंच उरलंय."