ट्यूब खोटं बोलते

"आत बगू नको गो, आत ट्यूब हाय. ट्यूब खोटं बोलते. चल बाहेर." असं बोलून काकी गिऱ्हाइकाचं मनगट धरायची आणि साडी, ब्लाउजपीस आणि बाई, तिन्ही एकदम रस्त्यावर काढायची. धामणकर नाक्याचा रस्ता तुम्ही बघितलाच असेल, टेम्पो अंगावर येतात, रिक्षावाले शिव्या घालतात, आणि ही मधोमध उभी, पदर उन्हात धरून. "हा बग. आत डाळिंबी होता, आता विटकरी झाला का न्हाय?" मी दारात उभी राहून देवाचं नाव घ्यायची, आज कोणीतरी चेंगरणार. मी पहिल्यापासून भित्रीच आहे.

काकीचं मॅचिंग सेंटर होतं, मी तिथे कामाला होते. आठवी शिकलेली, लग्न होऊन भिवंडीत आलेली, नवरा लूमवर. त्याच्या लूमवर सगळं कच्चं कापड, नुसतं पांढुरकं, बारा तास तेच बघून घरी आला की मी कुठली साडी नेसलेय ते पण त्याला दिसायचं नाही. आणि इकडे काकीकडे एकट्या हिरव्याचेच किती गठ्ठे. रामा, शेवाळी, पोपटी, मेंदी, बॉटल ग्रीन. पहिल्या दिवशी तिने मला वरून खालपर्यंत बघितलं आणि बोलली, "तू चॉकलेटी. पिवळं घालू नको, मेलेली दिसशील." मला रडू आलं. तिला वाटलं सर्दी झालीय.

माणसांची नावं तिला यायचीच नाहीत. "ती कांदा कलर आली बग, आता अर्धा तास खाईल." "त्या मोरपंखीच्या नवऱ्याला स्टूल दे, उभा ऱ्हायला की घाई करतो." स्वतः काकी चांगली काळी, आणि पावडर फक्त हनुवटीपर्यंत, खाली मान वेगळ्या शेडची. रस्त्यावर सगळ्यांचं मॅचिंग बघणारी बाई, पण पावडर लावायला हिला आतला आरसा लागायचा, ट्यूबखालचा. हे तिला सांगायची हिंमत कोणाची नव्हती, माझी तर नव्हतीच.

मुलासाठी तिने चार मुली सावळ्या म्हणून परत पाठवल्या. पाचवी आणली ती सोललेल्या बटाट्यासारखी गोरी. सहा महिन्यांत सून नवऱ्याला घेऊन कल्याणला राहायला गेली. काकी बोलली, "शेड बरोबर व्हती गो. कापड आखूड निघालं." मी हसले, तर दिवसभर मला सगळं अस्तर उलगडून परत घड्या घालायला लावल्या.

काकीचा नवरा वारला तेव्हा तिच्या दिराने पांढरी साडी आणली होती. माणूस अजून घरात आणि ही बोलली, "ह्याचा पदर येगळा पांढरा हाय, बदलून आना." पंधराव्या दिवशी दुकान उघडलं ते राणी कलरमध्ये. लोक बोलले, बोलणारच. काकी उलट बोलली, "तो गेला, दुकान न्हाय गेलं. भुतासारखी बाई बसली तर गिऱ्हाईक आत येईल काय?"

मग मला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आलो. आमच्या खोलीला खिडकी नाही, एक पिवळा बल्ब, आणि पाचवीची पूजा होईपर्यंत बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. आई, म्हणजे माझी सासू, येईल त्या बाईला सांगायची, "बगा, सोन्यासारखी हाय. आमच्यात एवढं उजळ कोनी न्हाय." आणि पोर नुसती झोपायची. दूध ओढायची नाही. मी तळवे चोळायचे, कान चोळायचे, दोन घोट घ्यायची की परत झोप. मला सारखं वाटायचं काहीतरी चुकतंय, पण आई बोलली, "गुनाची हाय, तुला काय रडकी पायजे?" मग मी परत तळवे चोळत बसले.

पाचव्या दिवशी सकाळी काकी आली. बाळ बघायला आली असं समजू नका. लग्नसराई होती. दारातूनच बोलली, "काय गो, कवा येतंस कामाला?" मग तिला आठवलं की बाळ पण आहे. वाकली, बघितलं, आणि बोलली, "हा बल्ब काय दाखवतो? कायपन न्हाय." आणि पोर उचलली.

आई ओरडली, "बाई, उंबरा ओलांडू नका! पाचवी व्हायची हाय!"

"व्हईल. पोर ऱ्हायली तर व्हईल."

आई तिच्या मागे, मी टाके धरून आईच्या मागे. गॅलरीत काकीने पिशवीतून पांढऱ्या अस्तराचा तुकडा काढला, पोरीची पापणी बोटाने वर केली आणि तुकडा बाजूला धरला. "हे पांढरं. आनि हे डोळ्यातलं. मॅच होतं काय? तूच सांग, तीन वर्सं काय शिकलीस माझ्याकडं?"

मी वाकून बघितलं. हळद. डोळ्यात हळद, कपाळावर हळद, पोटावर पण हळद. पाच दिवस मी दुसरं काही बघितलं नव्हतं, आणि मला हेच दिसलं नव्हतं.

आई बोलली, "लहान पोरांना व्हते कावीळ, उन्हात ठेवू, जाईल. आज पाट मांडलाय, आज न्यायची न्हाय."

काकी माझ्याकडे वळली. "तुझी पोर हाय का हिची?"

सगळी चाळ बाहेर आलेली. खरं सांगते, त्या मिनिटाला मला पोरीच्या काविळीपेक्षा आईची भीती जास्त होती. लाज वाटते सांगायला. मग काकीने पोरीच्या तळव्याला जोरात चिमटा काढला आणि ती रडलीच नाही. नुसता ओठ हलला. मी बोलले, "आई, मी नेते." लग्नानंतर पहिल्यांदा मी विचारलं नाही, सांगितलं.

रिक्षात काकीने आरडाओरडा केला, "भैया, जल्दी चलाव, खड्डा देख के." तो बोलला, "मौसी, भिवंडी में खड्डा देखूंगा तो जाऊंगा किधर से?"

डॉक्टरीणबाई मला ओरडली. अजून उशीर झाला असता तर डोक्याला चढलं असतं, बोलली. पोरीला डोळ्यावर पट्टी बांधून निळ्या लाइटखाली ठेवली. मी काचेला डोकं टेकून उभी होते, आणि काकी नर्सला विचारते, "सिस्टर, हा निळा कुठला? इंक ब्लू न्हाय, फिरोजी पन न्हाय. तुमच्यात ह्याला काय बोलतात?"

"लाइट बोलतात. बाहेर बसा."

बाहेर बसली ती दोन दिवस. भर लग्नसराईत दुकानाला कुलूप. तेवढ्या वेळात तिने वॉर्डातल्या एकेका बाईला सांगितलं कोणाला कुठला रंग शोभत नाही, दोघी रडल्या. तिसऱ्या दिवशी पोर दूध ओढायला लागली आणि पोट भरल्यावर असा गळा काढला की काकी बाकावरून उठली. आत येऊन बघून गेली. जाताना बोलली, "सोमवारी ये मग."

सोमवारी नाही, मी तिसऱ्या महिन्यात गेले. तिने पगार वाढवला नाही.

गेल्या वर्षी मुलगा तिला कल्याणला घेऊन गेला. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. ह्या श्रावणात ती वारली, आम्हाला पंधरा दिवसांनी शेजारणीकडून कळलं. आई तेव्हा भाकऱ्या करत होती. पाच वर्षं तिने काकीला घरात शिरलेली सटवीच म्हटलं होतं.

माझ्या पोरीने विचारलं, "कोण मेलं?"

"तुझी आजी," आई बोलली.

"आजी तर तू हाय."

आईने तव्यावर भाकरी टाकली. मग बोलली, "एक आजी घरात असते. एक घुसते."

भाकरी करपली. आईने उलटलीच नाही.