दोन भयकथांच्या मधला माणूस

वोल्फ्सबुर्ग स्टेशनच्या फलाटावर उभं राहिलं की कालव्यापलीकडे कारखान्याची चार धुराडी दिसतात. नव्याने आलेला प्रत्येक मराठी माणूस त्यांचा फोटो काढून पुण्याला पाठवतो. मीही पाठवला होता. आता इतक्या वर्षांनी मी त्यांच्याकडे पाठ करून गाडीची वाट पाहत होतो. सूटकेसमध्ये माझ्या लग्नातला काळा जोधपुरी कोट होता, ज्याच्या बटणांनी माझ्या पोटाशी संबंध तोडलेत. शिवाय थालिपिठांचा डबा आणि चेहऱ्याला फासायची पांढरी पावडर. मी भूत व्हायला निघालो होतो.

भूत म्हणजे तसं होस्टच. हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो. कमी पैशांत भयपट काढणाऱ्यांना एक मोठी गोष्ट परवडत नाही. मग ते तीन-चार छोट्या गोष्टी करतात आणि एकाच सिनेमात बांधतात. बांधायला सुतळी लागते, ती सुतळी म्हणजे होस्ट. पडक्या घरात मेणबत्ती घेऊन बसायचं आणि दोन गोष्टींच्या मध्ये प्रेक्षकांशी बोलायचं. आपल्या सूत्रधाराचा गरीब चुलतभाऊ म्हणा ना. मी कराडला शाळेत होतो तेव्हा व्हिडिओ पार्लरमध्ये असे सिनेमे लागायचे. त्यातल्या एका होस्टचा झगा म्हणजे चक्क खिडकीचा पडदा होता, खांद्यावर कड्या दिसायच्या. मला तो माणूस फार आवडायचा. गोष्टीतले सगळे मरत, हा आपला पुढच्या गोष्टीसाठी पुन्हा हजर.

माझी लेक सानिका नेकारसुल्मला, तिथल्या मोटार कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर आहे. सुट्टीच्या दिवशी ती आणि तिचे मित्र असाच एक सिनेमा करत होते. त्यांचा होस्ट, एक निवृत्त नट, कंबर धरून घरी बसला आणि मला फोन आला.

“बाबा, तू करशील? तुला मेकअपही कमी लागेल.”

(सानिका माझ्याशी जर्मनमध्ये बोलते, मी तिच्याशी मराठीत. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललंय. वाचकांच्या सोयीसाठी मी तिचं बोलणं मराठीत लिहितो आहे.)

मी लगेच हो म्हणालो, पण ते कलेच्या प्रेमाने नाही. माझी बायको मेधा तिच्या आईच्या आजारपणामुळे वसंत ऋतूपासून पुण्यात आहे. तीन खोल्यांच्या घरात मी एकटा. सानिकाला पाहून अख्खा उन्हाळा उलटला होता. शनिवार-रविवार ती मिळणार होती, आणि मला तिला एक विचारायचं होतं. दिवाळीला घरी येशील का? फोनवर विचारलं की ती “माल झेऊन” (बघू) म्हणते. समोर बसून विचारलं तर ‘बघू’ म्हणणं तिला जड जाईल, असा माझा अंदाज.

गाडी हलली तेव्हा मेधाचा फोन आला. “अहो, स्वेटर घेतलात ना? भुतांनाही थंडी वाजते.”

कासेलला गाडी बदलायची होती. माझ्या हातात सानिकाने पाठवलेले संवाद होते. ते पाठ करण्याच्या नादात मी चुकीच्या फलाटावर उभा राहिलो आणि माझी गाडी समोरच्या फलाटावरून डोळ्यांदेखत निघून गेली. बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. तिच्या शेजारी टेकलो आणि पुन्हा पुटपुटू लागलो, “स्वागत असो. इथे आलेला माणूस परत जात नाही.”

“खरंय,” बाई म्हणाली. “पुढची गाडी तासाभराने आहे.”

मग मी तिला थालिपीठ दिलं. तिने आधी वास घेतला, मग कोपरा मोडला, मग सगळं संपवलं. मुलीकडे निघालोय म्हटल्यावर तिने विचारलं, “न्यायला येणार आहे?”

“येणार आहे.”

“छान. माझा मुलगा म्युनिकला असतो. कॉफीची पाकिटं पाठवतो.” मांडीवरचे कण झटकत ती म्हणाली, “कॉफी चांगली असते.”

मी तिला दुसरं थालिपीठ दिलं. 

व्युर्झबुर्गहून पुढची गाडी छोटी आणि निवांत. एकेक नदी सोबतीला येते, थोडी चालते आणि निरोप न घेता वळून जाते. ऑक्टोबर असल्यामुळे उतारांवरचे द्राक्षमळे पिवळे पडले होते. गावं अशी, की चर्चचा मनोरा आधी दिसतो आणि माणूस शेवटपर्यंत दिसत नाही. सिनेमावाल्यांना भुताटकीसाठी वेगळा सेट लावायची गरज पडू नये.

नेकारसुल्मला सानिका फलाटावर उभी होती. मिठी मारली. माझ्या उशिराबद्दल काही बोलली नाही, पण माझ्या खांद्यावरून घड्याळ पाहिलं, ते मला कळलं.

“बाबा, बारीक झालास.”

“कोटाला विचार,” मी म्हणालो.

गाडी तिचा मित्र टिलो चालवत होता. सिनेमाचा कॅमेराही तोच सांभाळतो. सानिका पुढच्या सीटवर, मी मागे तिपाई आणि दिव्यांच्या मध्ये.

“आल्झो (तर मग),” ती मागे वळून म्हणाली, “पाच वाजता जागा सोडायची. मग मी आणि टिलो इंगोलश्टाटला निघू, एडिटिंगवाला तिथे आहे. उद्या दिवसभर तेच काम.”

“आजच निघणार?”

“आजच. तुझी झोपायची सोय शूटिंगच्या जागीच, फ्राऊ बाउअरकडे केलीय. खोली छान आहे.”

मी खिडकीबाहेर पाहत खोली छान असल्याबद्दल आनंद व्यक्त केला.

फ्राऊ बाउअर, म्हणजे बाउअरबाई, द्राक्षमळेवाली. सत्तरीची, लाल गालांची, दंड आपल्याकडच्या पैलवानांसारखे. अंगणाच्या टोकाला तिचं दगडी दालन, आत जुना लाकडी चरक आणि लांबलचक बाकं. पाचनंतर तिथे गिऱ्हाइकं येऊन तिची वाइन पितात, तोपर्यंत जागा आमची. सानिका आणि टिलो दिवे घेऊन आत गेले. मी सूटकेस ओढत मागून निघालो तर फाटकाशी काय दिसावं? एका काठीला बांधून उंच लटकवलेला, काटक्यांचा भलाथोरला खराटा!

पहिला विचार आला, सिनेमाचं सामान. दुसरा, पाऊस भुरभुरतोय, भिजेल. तिसरा विचार माझ्या आईचा होता. ती दारातला केरसुणीचा वावर कधी खपवून घेत नसे. लक्ष्मी ती, दारावर कसली टांगता? मी टाचा उंचावून सुतळी सोडली, खराटा आत नेला आणि दालनाच्या दारामागे, कोणाचा पाय लागणार नाही असा, आडवा निजवून ठेवला. उभा ठेवत नाहीत. एक काम चांगलं झालं, या समाधानात कोट चढवला.

“बाकीचे कलाकार कुठेत?” मी विचारलं.

“बाकीचे?” सानिका माझ्या कपाळाला पावडर लावत होती. “सगळ्या गोष्टी उन्हाळ्यातच शूट झाल्या. होस्टचं काम शेवटी, एका दिवसात, एका खुर्चीत उरकतात. तो गोष्टीत नसतोच ना. त्याला कोणी भेटत नाही.”

कराडच्या त्या पडदेवाल्या माणसाला मी इतक्यांदा पाहिलं, पण ही गोष्ट कधी ध्यानात आली नव्हती. बिचाऱ्याने त्या सिनेमातला एकही माणूस पाहिला नसेल.

मी खुर्चीत बसलो. समोर मेणबत्ती, तिच्यापुढे कॅमेरा आणि एक प्रखर दिवा. सानिका त्या दिव्यामागे गेली आणि नाहीशी झाली. फक्त आवाज येत राहिला.

“नॉख माल (पुन्हा एकदा). बाबा, माझ्याकडे नको बघू. भिंगात बघ.”

“तू दिसत नाहीस मला.”

“गेनाऊ (अगदी बरोबर). तरीही माझ्याकडे बघतोयस.”

माझं ऑफिसातलं जर्मन मीटिंगला पुरतं. भुताला पुरेना. ‘तुमचा अंत जवळ आला आहे’ हे वाक्य मी प्रकल्पाची मुदत जवळ आल्यासारखं म्हणतो, असं टिलोचं मत पडलं. पाच वाजले. सानिका दाराबाहेर डोकावून आली.

“विचित्र आहे. कोणीच आलेलं नाही. चला, अजून एक टेक घेऊ. बाबा, जर्मन सोड. मराठीत बोल, तुला हवं ते. खाली सबटायटल टाकू.”

हवं ते! मी भिंगात पाहिलं. काही ठरवलं नव्हतं.

“या, बसा,” मी म्हणालो. “चपला राहू द्या, इथे कोणी काही म्हणत नाही. जेवून आलात ना? मघाची गोष्ट संपली, त्यातली माणसं गेली. पुढची अजून यायची आहेत. मधल्या वेळात इथे मी असतो. घर काही वाईट नाही. हीटर चालतो. पण तुम्ही उठून गेलात की मला करमत नाही. घाई नसेल तर बसा थोडं.”

दिव्यामागून ‘नॉख माल’ आलं नाही.

“काय म्हणाला तो?” टिलोने विचारलं. “अंगावर काटा आला माझ्या.”

“स्वागत करतोय,” सानिका म्हणाली आणि वायर गुंडाळू लागली.

तेवढ्यात फ्राऊ बाउअर दारात उभी. “माझा खराटा कोणी नेला?”

मी पांढऱ्या तोंडाने हात वर केला. मग माझ्या ज्ञानात भर पडली. या भागात मळेवाल्यांना वर्षातले काही आठवडेच घरची वाइन विकायला परवानगी असते. त्या काळात फाटकावर खराटा टांगायचा. तो दिसला की गाव समजतं, आज चालू आहे. नाही दिसला की गाड्या न थांबता पुढे जातात.

“माझ्या नवऱ्याने, गारपिटीने, सरकारी साहेबांनी, कोणीकोणी प्रयत्न केले हे दुकान बंद करायचे,” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. “तुम्ही एका दुपारीत केलंत. आणि ठेवलात कुठे?”

मी दार सरकवून दाखवलं.

“झोपवलाय?”

“आमच्याकडे... आदराने ठेवतात.”

सानिका हसू लागली ती बाकावर बसूनच. मग तिने घड्याळ पाहिलं आणि बसूनच राहिली. “टिलो, अर्ध्या तासाने निघू.”

रिकाम्या दालनात फ्राऊ बाउअरने आमच्यापुढे त्स्वीबेलकूखन (कांदा आणि मलईचा जाडसर खारा केक) ठेवला, माझ्यासाठी मांसाशिवायचा. गरम, गोडसर, वर जिरे म्हणावेत तर जिऱ्याचे थोरले भाऊ. नुकती आंबू लागलेली गढूळ वाइन. टिलो बाहेर सामान भरत होता.

“मधे नुसता काळा पडदा टाकला असता,” मी म्हणालो, “तर होस्ट लागलाच नसता. स्वस्तात झालं असतं.”

“हो. पण मग लोक दोन गोष्टींच्या मध्ये एकटे पडतात.”

मी घास गिळला. “दिवाळीला येशील?”

तिने ‘बघू’ म्हटलं नाही. काट्याने कांदा बाजूला केला. “नाही बाबा. परीक्षा आहे. आणि... घरी आलं की आई नाहीये हे दिसतं.”

मला ते रोज दिसतं, असं मी म्हणालो नाही. “परीक्षा महत्त्वाची,” म्हणालो. तिने स्वतःचा उरलेला केक माझ्या ताटात सरकवला. लहानपणी नको असलेलं सगळं ती असंच सरकवायची. आता नको होतं की द्यायचं होतं, ते मला ठरवता आलं नाही.

फ्राऊ बाउअरने शिक्षा फर्मावली. खराटा मीच पुन्हा टांगायचा, आणि गिऱ्हाइकं परत वळेपर्यंत त्याच वेशात फाटकाशी उभं राहून बोलावायचं. मी टांगला. सानिकाने गाडीची काच खाली करून हात हलवला आणि त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली. एक जोडपं चालत आलं. “या, बसा,” मी म्हणालो. त्यांचं कुत्रं भुंकलं, पण ते आत गेले. मग आणखी काही आले. दालन भरलं, खिडक्या उजळल्या. भुताचं काम संपलं तसं मी तोंड धुऊन छान खोलीत झोपायला गेलो.

रविवारी सगळ्या गाड्या योग्य फलाटांवरून पकडल्या. परतीच्या प्रवासात माणूस काय मिळवलं याची उजळणी करतो. माझ्याकडे अर्धा तास होता आणि एक ‘नाही’. पण ‘नाही’ समोरासमोर मिळालं होतं. ते ‘बघू’पेक्षा बरं, असं मी व्युर्झबुर्गपर्यंत स्वतःला पटवलं. कासेलच्या पुढे ते पुन्हा सुटलं. घरी पोचलो, हीटर लावला, वरणभाताचा कुकर चढवला. कानामागे पावडर अजून होती.

फोन वाजला. सानिका.

“बाबा, सबटायटल करतोय. ‘करमत नाही’ म्हणजे काय? टिलो म्हणतो, ‘कंटाळा येतो’ लिहू.”

“लिहा.”

“पण ते तसं नाहीये ना?”

“नाही.” मी कुकरकडे पाहत राहिलो. “कंटाळ्याला काहीतरी करता येतं. टीव्ही लावता येतो. हे म्हणजे... सगळं जागच्या जागी असतं, आणि तरी आपण कुठे बसावं ते कळत नाही.”

मला वाटलं, फोन कट झाला.

“ऐकतेयस?”

“हो.” मग म्हणाली, “खाली दोनच ओळी मावतात.”

“मग राहू दे. सोडून दे ते वाक्य.”

“वाक्य नाही सोडणार. तिथे खाली काही लिहीत नाही. लोकांना नुसतं ऐकू दे.”

“अगं, त्यांना काय कळणार?”

“मला कळलं,” ती म्हणाली, आणि हे मला भाषांतर करून लिहावं लागलेलं नाही.

मागून टिलो काहीतरी विचारत होता. “थांब जरा,” ती त्याला म्हणाली, आणि तिने फोन ठेवला नाही.