जावयाकडे पाठ

डिंगो बोअरवरची पवनचक्की वारा पडला की थांबते. मर्टल मावशीचं तोंड तेवढ्यानं थांबत नाही. किंबर्लीतली ही आम्हा आदिवासींची वाडवडिलांची जमीन कोर्टातून सोडवून आणली ती याच तोंडानं. सरकारी वकिलानं भोळेपणानं विचारलं, "ही जमीन तुमचीच कशावरून?" मावशी सकाळी सुरू झाली ती प्रत्येक झऱ्याचं, प्रत्येक टेकाडाचं घराणं सांगत दुपारच्या चहापर्यंत बोलत राहिली. वकिलानं परत प्रश्न म्हणून विचारला नाही.

जमीन मिळाल्यावर सरकार म्हणालं, आता ती सांभाळायला संस्था काढा. काढली. मावशी अध्यक्षा झाली, थोरला भाऊ क्लारीमामा आणि वस्तीतली चार म्हातारी मंडळी संचालक. ऑफिस कुठे, तर बंद पडलेल्या टोयोटाच्या बॉनेटवर. मग सरकारनं संस्थेची क्षमता वाढवायला अनुदान दिलं. त्यातून पत्र्याची खोली आली, कॉम्प्युटर आला आणि पगारी मॅनेजर आला, लायनेल. डर्बी शहराकडचा पोरगा, आपल्यातलाच. अर्ज-हिशोबात हुशार आणि वणवा पेटू नये म्हणून गवत आधीच जाळण्यात आणि पेटलेला विझवण्यातही पक्का. मावशीनंच त्याला निवडला. नात्यानं तो जावयांच्या रांगेतला, पण लांबचा. आमच्यात सासूनं जावयाशी बोलायचं नसतं, पण लांबच्याशी जरा तिरकं बसून बोललं तर चालतं. दोघं तिरकं बसून दिवसभर गप्पा हाणत. मावशी खूश होती.

आणि तिच्या लेकीनं, रोशेलनं त्याच्याशी लग्न लावलं!

झालं, कवाड बंद. लांबचा जावई सख्खा झाला. आता त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, नावसुद्धा घ्यायचं नाही, आणि त्यानंही हेच पाळायचं. यात भांडण नाही बरं का, मान आहे. एवढा मान दुसऱ्या कुठल्याच नात्याच्या वाट्याला येत नाही. पण अध्यक्षेनं आणि मॅनेजरनं काम कसं करायचं? मावशीनं तोड काढली. तिचा कुत्रा होता, मिनिस्टर. येतो, खातो, झोपतो म्हणून ते नाव. मावशी खोलीबाहेर भिंतीला टेकून बसायची आणि कुत्र्याला म्हणायची, "मिनिस्टर, तिकडचं कुंपण पडलंय म्हणून सांग त्याला." आतून लायनेल म्हणायचा, "मिनिस्टर, पोरं सकाळीच गेलीत म्हणावं." मिनिस्टर शेपटी हलवायचा. कारभार झकास चालला होता.

क्लारीमामा चिडवायचा, "सरकारला कळव गं, क्षमता वाढली म्हणून! घरात पाळणा हलणार आहे." रोशेलला दिवस गेले होते. मावशी वरवर हसायची, पण मनात महिने मोजायची. अनुदान संपत आलेलं. पुढचं मिळालं नाही तर पगार बंद, पगार बंद झाला तर लायनेल डर्बीला परत, आणि त्याच्या मागोमाग लेक आणि पोटातलं नातवंड. याच मातीत पोर रांगावं म्हणून ही बाई कोर्टात घसा फोडत होती, आणि आता ते पोर शहरात वाढणार? हा विचार आला की ती मिनिस्टरवरच खेकसायची.

पुढचं अनुदान द्यायचं की नाही हे ठरवायला पर्थहून जुडिथबाई आल्या. बाई भली होती, उगीच खोटं का बोला. पण कुठल्याशा शिबिरात शिकलेले खेळ बरोबर घेऊन आली होती. तिनं दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि म्हणाली, "अध्यक्षा आणि मॅनेजर, दोघं इथं बसा. डोळ्यांत डोळे घालून सांगा, तुम्हाला एकमेकांबद्दल काय वाटतं!"

अगं बाई! लायनेल मागच्या दारानं जो सुटला तो थेट गुरांच्या पाणवठ्याकडे. मावशीनं कुणाची तरी टोपी ओढून तोंडावर घेतली आणि भिंतीकडे वळून बसली. बाकीच्यांनी लाजेनं माना खाली घातल्या. जुडिथबाईंनी मात्र भुवया उंचावल्या.

चहाच्या वेळी त्या फार हळू आवाजात म्हणाल्या, "मला वाईट वाटतं सांगताना. पण अध्यक्षा आणि मॅनेजर यांच्यात एवढं वितुष्ट असेल तर मी शिफारस कशी करू? एक तर मॅनेजर बदला, नाहीतर मर्टलताईंनी पद सोडावं."

क्लारीमामाच्या नाकातून चहा बाहेर आला. "वितुष्ट? अहो बाई, जावई आहे तो तिचा!"

"मग तर जास्तच बोलायला हवं ना?"

वस्ती हसून हसून लोळली. आता हे आधी का सांगितलं नाही? अहो, पाणी ओलं असतं हे पाहुण्याला कुणी सांगतं का! क्लारीमामानं सगळं समजावल्यावर जुडिथबाई कानापर्यंत लाल झाल्या. तरी म्हणाल्या, "चूक माझी. पण दोघं मिळून संस्था चालवतात हे मी बघितल्याशिवाय लिहू कसं?"

"मग बघ की!" मावशी टोपीखालून गरजली.

लायनेलला पाणवठ्यावरून बोलावून आणलं. बोआबच्या झाडाखाली पाठीला पाठ लावून दोन खुर्च्या मांडल्या, मधे मिनिस्टर. आणि सुरू झालं. "मिनिस्टर, दक्षिणेकडचं गवत कधी जाळायचं म्हणतोय तो?" "मिनिस्टर, दव पडायचं थांबायच्या आत म्हणावं." "आणि गुरांच्या कंपनीचा करार?" "झऱ्याजवळ गुरं नकोत हे घातलंय त्यात." "कुणाला विचारून घातलं?" "त्यांच्याच मनातलं होतं म्हणावं." मावशी टोपीआड हसली. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होत होतं. जुडिथबाईंचा हात लिहून लिहून दुखायला लागला.

तेवढ्यात शेकोटीच्या राखेतून कांगारूची शेपटी भाजल्याचा वास आला. मिनिस्टर उठला, अंग झाडलं आणि कारभार वाऱ्यावर सोडून चालता झाला.

दोघांचं बोलणं जागच्या जागी अडकलं. आता बोलायचं कुणाला? जुडिथबाईंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग गुपचूप आपली खुर्ची उचलली आणि मधे आणून ठेवली.

"मला सांगा," त्या म्हणाल्या. "माझा शेवटचाच प्रश्न आहे. पैसे मिळतील, तेवढं मी बघते. पण मॅनेजर राहणार आहे का?"

लायनेल बुटानं माती उकरत म्हणाला, "त्यांना सांगा बाई, डर्बीला नोकरी आहे, घरही मिळतंय. पैशासाठी नाही जात मी. माझ्यापायी त्यांना नळावर जायला अख्ख्या वस्तीला वळसा घालावा लागतो. त्यांच्याच जमिनीवर त्या तोंड लपवून फिरतात. मला बघवत नाही ते."

मावशीचा हात टोपीवर तसाच राहिला. हा गाढव मान राखायला निघून चालला होता!

"त्याला सांग," ती जुडिथबाईला म्हणाली. "वळसा घालायला माझे पाय धड आहेत. म्हणावं, घर इथंच बांध. माझ्या घराला पाठ लावून बांध, दार पलीकडे काढ, म्हणजे तू मला दिसणार नाहीस. पण भिंत पत्र्याचीच ठेव. पोर रडलं तर मला ऐकू आलं पाहिजे."

जुडिथबाई लायनेलकडे वळल्या आणि शब्दन् शब्द सांगायला लागल्या. त्यानं सगळं ऐकलेलंच होतं. तरी त्यानं त्यांना शेवटपर्यंत बोलू दिलं, आणि मनगटानं डोळे पुसत म्हणाला, "बाई, त्यांना विचारा, खिडकी कुठल्या बाजूला काढू?"