अकोल्याच्या वसुली एजन्सीत

अमरावतीच्या राजापेठेत आमचा शाळेचे गणवेश शिवायचा धंदा आहे. अकोट, तेल्हाऱ्याकडचे दुकानदार शाळा उघडायच्या आधी माल नेतात आणि पैसे सवडीनं देतात. मागची दोन वर्षं मात्र काहींना सवडच झाली नाही. अकोटचा एक तर माझा नंबर पाहून फोनच उचलेना. शिवणाऱ्या बायांची मजुरी थकली, तेव्हा वसुलीचं काम बाहेर कोणाला तरी द्यायचं ठरवलं.

आधी अमरावतीतल्याच एका वकिलाकडे विचारून आले. तो रीतसर नोटिसा पाठवणार होता, पण फी आधी, आणि वेळ किती लागेल ते सांगता येत नाही म्हणाला. अकोल्याची एजन्सी आधी काहीच घेत नव्हती. जे वसूल होईल त्यात तिचा हिस्सा. मला तीच बरी वाटली. निघताना नवरा म्हणाला, "दोन गोष्टी इचारजो. पैसे आपल्या खात्यात येतीन का त्याइच्या? आन लोकाइसंग बोलतात कसे?"

पहिल्याचं उत्तर एजन्सीच्या मालकानं लगेच दिलं, थेट तुमच्या खात्यात. दुसरं विचारल्यावर तो हसला. "ऐकूनच पाहा न ताई," म्हणत त्यानं मला आतल्या खोलीत नेलं. तिथे मुली कानाला हेडफोन लावून बसल्या होत्या. आमच्याकडे पाठ असलेली एक तावातावानं बोलत होती, "काका, पोराच्या लग्नात डीजे लावाले पैसे होते न? मंग आमचेच कावून नाही? तुमच्या व्याह्याचा नंबर हाये माह्यापाशी. लावू का फोन?"

पलीकडचा माणूस गयावया करत असावा. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट अकोटवाल्याला अशीच कोणीतरी भेटली पाहिजे, या विचारानं बरं वाटलं.

"ही आमची सगळ्यात तयार पोरगी," मालक म्हणाला आणि तिला हाक मारली. ती वळली. माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी होती.

घरी तिनं बँकेत लागले म्हणून सांगितलं होतं. पेढे मीही खाल्ले होते. ती जराशी थबकली, मग म्हणाली, "नमस्कार मॅडम." मीही नमस्कार केला, जशी काही तिला पहिल्यांदाच पाहत होते. एरवी दारातूनच 'जयभीम मावशी' ओरडत घरात शिरणारी पोर ती. ओळख दिली असती तर काय बिघडलं असतं? पण असं बोलणारी मुलगी माझ्या घरातली आहे, हे त्या मालकाला कळायला नको होतं.

जिना उतरून रस्त्यावर आले तर ती मागून धावत आली.

"आईले सांगू नको."

"नाही सांगत. पण हे असं बोलनं? लोकाइच्या व्याह्याले फोन?"

"मंग तू काहाले आली होती मावशी?" तिचा आवाज चढला नव्हता. "असं बोलनारंच कोनी पायजे होतं न तुले? मले कावून असं पाहून राहिली?"

मी पर्समध्ये रिक्षासाठी सुटे पैसे शोधू लागले.

"काम देशीन त दे," ती खाली पाहत म्हणाली. "नवी पार्टी आली का आमाले वरचे पैसे भेटतात." आणि परत वर गेली.

काम मी वकिलाला दिलं. घरी एवढंच सांगितलं, की अकोल्याच्या लोकांची बोलण्याची रीत पटली नाही. नवऱ्याला ते फार आवडलं. माझी बायको पैशापेक्षा माणसाची इज्जत पाहते, असं तो चारचौघांत सांगू लागला. मी ऐकून घ्यायची. खरं कारण असं, की माझ्या दुकानदारांची नावं घेऊन भाचीसमोर बसायची मला हिंमत नव्हती. तिला मिळाले असते ते वरचे पैसेही मी बुडवले.

नोटिसा गेल्यावर दोघांनी पैसे भरले, अकोटवाला हप्त्यानं देऊ लागला. बायांची मजुरी निघाली.

नंतर भाचीच्या भावाचा साखरपुडा झाला. आदल्या दिवशी लसूण सोलायला आम्ही दोघी एकाच चटईवर होतो. मी म्हटलं, "त्या दिवशी मी..."

"राहू दे मावशी," ती म्हणाली आणि शेजारच्या बाईशी बोलू लागली.

मला सुटल्यासारखं वाटलं. तसं वाटल्याचीही लाज वाटली, पण तो विषय मी पुन्हा काढला नाही.