दोष माठाचा नव्हता

आगाशीच्या बाजारात लाल माठाची जुडी कुणी उलटीपालटी करून बघितली, की बायजा ती सरळ त्याच्या हातातून काढून घ्यायची. "घ्यायची तर घे. नवरी हाय का ती, मागून-पुढून बघायला?" स्वतःच्या वाडीत पिकवलेली भाजी, तिच्यावर संशय घेतलेला तिला खपत नसे. आणि अशा बाईने एका सकाळी माठाचे, पालकाचे सगळे वाफे मुळासकट उपटून टाकले!

घरात कुणाला काही कळेना. नवऱ्याच्या, श्रीपतच्या गालातली कॅन्सरची गाठ नुकतीच काढलेली. सगळ्यांना वाटलं, बाईने हाय खाल्ली. खरा घोळ घातला होता मुलाने, प्रितेशने. त्याने मोबाईलवर मोठ्याने वाचलं होतं, की पालेभाजीपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो आणि त्याच्या इशाऱ्यावर गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटून ती वाढते. एवढं वाचून हा शहाणा फोन खिशात घालून कामाला गेला. बायजाने मात्र मनाशी एकच हिशेब मांडला. जन्मभर नवऱ्याच्या ताटात माठ आपणच वाढला, म्हणजे गाठही आपणच पोसली. त्या दिवसापासून तिने श्रीपतला वाढणंच सोडलं. सून तेजस्वी वाढायची आणि ही मागच्या दारी जाऊन बसायची. का, ते कुणाला सांगायची हिंमत होत नव्हती.

शेवटी श्रीपतला घेऊन माणिकपूरला तपासणीसाठी गेल्यावर लविना डॉक्टरांसमोर तिचा बांध फुटला. "डाक्टरबाई, मीच मारत व्हते ह्यांना."

सगळं ऐकून डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, तो वायू आपलं शरीर स्वतःच बनवतं. त्याच्यावाचून रक्त नीट खेळणार नाही. गाठीला तो कधी साथ देतो, कधी तिच्याच मुळावर उठतो. शास्त्रज्ञ अजून त्याचा माग काढतायत. पण ह्यांनी उभा जन्म गालात तंबाखू धरली, आणि दोष तुमच्या माठाला? खुशाल खाऊ घाला. गाठ पूर्ण निघालीय, रिपोर्ट चांगला आहे."

बायजाचा जीव भांड्यात पडला. पडला तसा तोंडाचा पट्टाही सुटला. "ऐकलंत? तंबाखू! आन मी माज्या भाजीच्या नावानं रडते!" श्रीपतला दंडाला धरून तिने उठवलं.

बाहेर रस्त्याकडेच्या बाकावर तिने डबा उघडला, मऊ भात कालवला आणि पहिला घास त्याच्यापुढे धरला. त्याने तोंड उघडलं नाही. वेडावाकडा शिवलेला गाल तळहाताने झाकून तो हळूच म्हणाला, "मना वाटलं, तुला माजी किळस येते."

"हात काढा तो गालावरचा," बायजा म्हणाली. भर रस्त्यावर ती रडत होती आणि त्याला भरवत होती.